बनशंकरीत बिऱ्हाड मांडताना

पौष शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा हा शाकंभरी नवरात्राचा काळ. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची कुलदेवता असलेल्या बनशंकरीचे मूळ स्थान कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातील बदामीजवळ चोळचगुड्ड येथे आहे. पौष पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते आणि मराठी व कन्नड भाविक एकाच रांगेत उभे राहून देवीचे दर्शन घेतात. याच देवीचे नाव बेंगळुरूच्या दक्षिण भागातील एका विस्तीर्ण वसाहतीला मिळाले आहे. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी अम्माचे मंदिर १९१५ मध्ये उभे राहिले. पुढे या परिसरात टप्प्याटप्प्याने निवासी भूखंड पाडले गेले आणि ‘बनशंकरी पहिली स्टेज, दुसरी स्टेज, तिसरी स्टेज’ अशी वसाहत वाढत गेली. जून २०१७ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका येथे पोहोचली आणि शहराच्या मध्यभागाशी हा भाग आणखी जवळून जोडला गेला.

नोकरीनिमित्त बेंगळुरूला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ वाढली. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारी तरुण मंडळी, बदलीवर गेलेले बँक अधिकारी आणि निवृत्तीनंतर मुलांकडे राहायला गेलेले आईवडील असे तीन प्रकारचे लोक त्यांत प्रामुख्याने दिसतात. कुलदेवतेचेच नाव असलेल्या वस्तीत आपण राहायला चाललो आहोत, पाडवा त्यांचाही तोच आणि तीळगूळही त्यांच्याकडे आहेच, मग परकेपणा तो कसला, अशी त्यांची समजूत असते. ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण नव्या बिऱ्हाडाच्या बहुतेक चुकांचे मूळही याच समजुतीत असते.

थायलंडमध्ये स्थायिक होणाऱ्या परदेशी माणसाचे उदाहरण घेऊ. मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, म्हणून दुसऱ्याच्या, अगदी लहान मुलाच्याही डोक्याला सहज हात लावू नये. पाय हा सर्वांत हीन भाग, म्हणून तळवे कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे करून बसू नये. हात जोडून नमस्कार प्रथम धाकट्याने करावा, असे अनेक संकेत त्याला तेथे पाळावे लागतात. आपल्याकडे मुलाच्या डोक्यावर हात ठेवणे म्हणजे आशीर्वाद, तेथे तो अवमान ठरू शकतो. परंतु तेथे गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून सावध असतो. लिपी निराळी, चेहरे निराळे, अन्न निराळे. त्यामुळे पाऊल टाकण्यापूर्वी तो विचारतो. बेंगळुरूला गेलेला मराठी माणूस मात्र विचारत नाही, कारण विचारण्याची गरजच त्याला भासत नाही. परदेशात आपण अज्ञानामुळे चुकतो. शेजारच्या घरी आपल्याला सारे ठाऊक आहे या विश्वासामुळे चुकतो.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

तुकाराम महाराजांच्या गाथेत एक मार्मिक अभंग आहे. त्यात कानडी बायको आणि मराठी नवरा यांचा संसार रंगवला आहे. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. ती त्याला जवळ बोलावते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळत सुटतो. देवा, अशी विजोड संगत मला देऊ नकोस, सज्जनांची दे, हे मागणे मांडण्यासाठी तुकोबांनी हा दृष्टान्त वापरला. साडेतीनशेहून अधिक वर्षे उलटली, तरी त्यातील गंमत शिळी झालेली नाही.

मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी एकमेकींना शब्द भरपूर दिले आहेत. तूप तेथे ‘तुप्प’ आहे, अक्का दोन्हीकडे अक्काच आहे, आजी ‘अज्जी’ आहे. पण काही शब्द वेष तोच ठेवून अर्थ बदलतात. आपली ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण, तर कन्नडमधील ‘तायि’ म्हणजे आई. आपल्याकडे ‘तंगी’ महिनाअखेरीस येते, तेथे ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण. ‘हौदु’ हा पाण्याचा हौद नसून होकार आहे. ‘मने’ हे मनाचे अनेकवचन नसून घर आहे. आपण दर दोन वाक्यांमागे ‘मग?’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘मग’ म्हणजे मुलगा, आणि ‘मगा’ ही तरुण मित्रांची एकमेकांना मारायची सलगीची हाक. आपल्या ‘काय?’सारखाच ऐकू येणारा ‘कायि’ हा शब्द तेथे नारळासाठी किंवा कच्च्या फळासाठी वापरतात.

बँकेच्या ग्राहकाला तर हा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. शाखेतील फलकावर कन्नडमध्ये ‘गृह साल’ असे लिहिलेले असते. येथे साल म्हणजे वर्षही नाही आणि फळाचे सालही नाही. ‘साल’ म्हणजे कर्ज. ‘बड्डी’ म्हणजे व्याज. ‘हण’ म्हणजे पैसा. मराठी कानाला मात्र ती मारण्याची आज्ञा वाटते. शिवकालीन ‘होन’ हे नाणे ज्या शब्दाशी नाते सांगते, तो ‘होन्नु’ म्हणजे कन्नडमधील सोने. उलट दिशेचा प्रवासही येथे दिसतो. मुदत ठेवीसाठी कन्नडमध्ये रूढ असलेला ‘ठेवणि’ हा शब्द आपल्या ‘ठेव’चाच सगा आहे आणि ‘उळिताय खाते’ म्हणजे बचत खाते हे एकदा कळले, की अर्ज भरताना परकेपणा वाटत नाही.

उपाहारगृहातही शब्द असाच चकवतो. ‘खारा भात’ मागवला की पुढ्यात उपमा येतो, ‘केसरी भात’ म्हणजे शिरा आणि दोन्ही एकाच बशीत आले की ‘चौचौ भात’. ‘वांगीभात’ मात्र खरोखरच वांग्याचा भात असतो. उभ्याने खाण्याच्या ‘दर्शिनी’ नावाच्या उपाहारगृहांत ‘बाय-टू कॉफी’ मागवणे हा कंजूषपणा समजला जात नाही. एक कॉफी दोघांत वाटून घेणे ही तेथील गप्पांची रीत आहे. एवढ्या चुका हसण्यावारी जातात. ज्या जात नाहीत, त्यांचा विचार अधिक करायला हवा.

‘बा’ आणि ‘बन्नि’

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर आपण लहानपणापासून जाणतो. कन्नडमध्ये ‘नीनु’ आणि ‘नीवु’ यांत तेच अंतर आहे. ‘बा’ म्हणजे ये, ‘बन्नि’ म्हणजे या. ‘होगु’ म्हणजे जा, ‘होगि’ म्हणजे आपण जावे. ‘माडु’ म्हणजे कर, ‘माडि’ म्हणजे करा. नवा माणूस भाषा शिकतो ती बहुधा चित्रपटांतून, कार्यालयातील समवयस्क मित्रांकडून किंवा इमारतीत खेळणाऱ्या मुलांकडून. तेथे ऐकू येणारी रूपे एकेरी असतात. ती जशीच्या तशी उचलून रिक्षाचालकाला ‘बर्तीया?’ म्हणजे ‘येतोस का?’ असे विचारले, की भाडे ठरण्याआधीच संभाषण बिघडते. ‘बर्तीरा?’ म्हणजे ‘येता का?’ एवढा एका अक्षराचा फरक पुरेसा असतो. पुण्या-मुंबईत कोणी परप्रांतीय माणूस आपल्या वडिलांना ‘तू कुठे चालला?’ म्हणाला तर आपल्याला जे वाटते, तेच तेथील माणसाला वाटते. ‘मगा’ ही हाक मित्राला शोभते. घरमालकाला किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना नव्हे. अनोळखी माणसाला ‘सार’, वयाने मोठ्या वाटणाऱ्याला ‘अण्णा’, स्त्रीला ‘अम्मा’ किंवा ‘अक्का’ असे संबोधल्यास कोठेही अडत नाही.

निरोप घेण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेही ‘होगि बर्तीनि’ म्हणजे ‘जाऊन येतो’ असे म्हणतात. ‘ऊट आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ हा प्रश्न दुपारी भेटणारा शेजारी विचारतो, तेव्हा तो आमंत्रणही देत नसतो आणि चौकशीही करत नसतो. ती विचारपूस असते. ‘आय्तु, निम्दु?’ म्हणजे ‘झाले, तुमचे?’ एवढे उत्तर दिले, की शेजारधर्म सुरू झाला. या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून जिना चढून जाणारा माणूस आपल्या नकळत दार लावून घेतो.

बोलण्याच्या पट्टीचाही एक भाग आहे. रोखठोक बोलणे हा आपण गुण मानतो. जुन्या म्हैसूर प्रांतातील बोलण्यात मात्र ‘स्वल्प’ म्हणजे ‘थोडेसे’ हा शब्द तुपासारखा पडतो. ‘स्वल्प अड्जस्ट माडि’ हे तर या शहराचे ब्रीदच समजले जाते. बसमध्ये थोडी जागा हवी असो, पाण्याची वेळ बदलायची असो किंवा गाडी पुढे घ्यायची असो, मागणी या शब्दांत येते. तिला ‘नियम काय सांगतो?’ असे उत्तर देणारा माणूस नियमाने बरोबर असूनही शेजाऱ्यांच्या नजरेत चुकलेला असतो.

भोग्य, अडव्हान्स आणि खाता

घर घेताना होणाऱ्या चुका मात्र केवळ मनाला लागत नाहीत, खिशालाही लागतात. म्हणून आमच्या वाचकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे.

बनशंकरीच्या गल्ल्यांतून फिरताना घरांवर ‘भाड्याने देणे’ आणि ‘लीज’ असे दोन प्रकारचे फलक दिसतात. महाराष्ट्रातील वाचकाला लीज म्हणजे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा वाटतो. बेंगळुरूत या शब्दाचा रूढ अर्थ निराळा आहे. कन्नडमध्ये त्याला ‘भोग्य’ म्हणतात. भाडेकरू घरमालकाला एक मोठी रक्कम एकदम देतो, ठरलेल्या मुदतीपर्यंत दरमहा भाडे न देता घरात राहतो आणि मुदत संपल्यावर ती रक्कम त्याला व्याजाशिवाय परत मिळते. व्यवहार आकर्षक वाटतो, परंतु त्यात भाडेकरू हा वस्तुतः घरमालकाला कर्ज देत असतो. म्हणून कर्ज देताना बँक जी दक्षता घेते, तीच त्याने घ्यावयास हवी. घर मालकाच्याच नावावर आहे का, ते आधीच कोणाकडे गहाण आहे का, हे मिळकतीवरील बोजाच्या दाखल्यावरून तपासावे आणि करार नोंदणीकृत करावा. घर गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर आयुष्याची पुंजी अडकून पडण्याचा धोका असतो.

‘अडव्हान्स’ हा दुसरा फसवा शब्द. आपल्याकडे आगाऊ म्हणजे पुढील भाड्यापोटी दिलेली रक्कम. बेंगळुरूत अडव्हान्स म्हणजे अनामत. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची प्रथा या शहरात दीर्घकाळ रूढ होती. घर सोडताना रंगकामासाठी त्यातून काही रक्कम कापली जाते. ती किती, हे करारात आधीच लिहून घेतलेले बरे; नाहीतर निरोपाच्या दिवशी कटुता येते.

तिसरा शब्द ‘खाता’. मराठी माणसाला खाते म्हटले की बँकेचे पासबुक आठवते. बेंगळुरूत मालमत्ता विकत घेताना जो ‘खाता’ विचारला जातो, तो म्हणजे स्थानिक संस्थेच्या दप्तरातील मालमत्ता कराच्या आकारणीची नोंद. ती मालकीचा पुरावा नव्हे. ‘ए’ खाता आणि ‘बी’ खाता असे दोन प्रकार तेथे प्रचलित आहेत आणि ज्या मिळकतींनी नियमांची पूर्तता केलेली नाही त्यांची नोंद दुसऱ्या प्रकारात होत आली आहे. ‘खाता आहे ना, मग झाले’ अशा समजुतीवर विसंबून बयाणा देऊ नये. खरेदीखत, पूर्वीची कागदपत्रांची साखळी आणि खाता ही तिन्ही पाहून, गरज पडल्यास वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावे. तेथील लोक भूखंडाला ‘सैट’ म्हणतात आणि ‘तीस-चाळीस’ म्हणजे तीस फूट बाय चाळीस फुटांचा भूखंड, हेही ध्यानात ठेवावे.

घराची किल्ली मिळाली की घरमालकीण बहुधा विचारते, ‘दूध कधी उतू घालवणार?’ नव्या घरात चुलीवर दूध तापवून ते भांड्याबाहेर उतू जाऊ देणे हा तेथील गृहप्रवेशाचा विधी आहे आणि भाड्याच्या घरातही तो करतात. मराठी गृहिणीला दूध उतू जाणे अशुभ किंवा निदान नुकसानीचे वाटते. परंतु रथसप्तमीला आपणही अंगणात दूध उतू घालवतोच. घरात समृद्धी ओसंडून वाहावी, हाच भाव तेथेही आहे. सामान उतरवून घेण्याच्या गडबडीत हा विधी राहून गेला तर कोणी काही बोलत नाही; पण त्या घरमालकिणीला आपले घर एखाद्या गोदामासारखे वापरले गेल्याचे वाटत राहते.

या शहरात राहुकाळाचाही विचार होतो. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा असा दर वारी दीड तासाचा हा काळ पाळणारी माणसे त्या वेळात नवे काम सुरू करत नाहीत. घरमालकाने करारावर सही करण्याची वेळ बदलली, तर तो टाळाटाळ करतो आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. गमतीचा भाग असा की, बनशंकरीच्या मंदिरात मात्र राहुकाळातील पूजेलाच महत्त्व आहे. अर्ध्या लिंबाच्या सालीत तूप आणि वात घालून केलेले दिवे घेऊन स्त्रिया त्या वेळी देवीपुढे रांग लावतात.

तोच सण, निराळी रीत

गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. कडुनिंब आणि गूळ दोन्हीकडे खातात. ते त्याला ‘बेवु-बेल्ल’ म्हणतात. आपली पुरणपोळी म्हणजे त्यांचा ‘ओब्बट्टु’ किंवा ‘होळिगे’. गुढी मात्र तेथे नसते. सज्जातील गुढी पाहून शेजारी कुतूहलाने विचारतात, तेव्हा त्यांना आत बोलावून प्रसाद द्यावा. सणाच्या दुसऱ्या दिवशी अनेक घरांत ‘होसतोडकु’ म्हणून सामिष जेवणाचा बेत असतो. सण संपला नाही तोच हे काय, अशी नापसंती मराठी चेहऱ्यावर उमटू देऊ नये. त्या घरांत नव्या वर्षाची सुरुवात याच रीतीने करायची प्रथा आहे.

संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. ते तीळ, गूळ, शेंगदाणे, डाळे आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे एकत्र करून ‘एळ्ळु-बेल्ल’ देतात, सोबत साखरेची चित्रे आणि उसाचे कांडे असते, आणि चांगले बोलायला सांगतात. नटूनथटून लहान मुली घरोघर ते वाटतात. दाराशी आलेल्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवणे ही चूक. तिच्या ताटलीत आपला तिळाचा लाडू ठेवला, की दोन्ही संक्रांती साजऱ्या झाल्या.

गौरीच्या बाबतीत तर वेळापत्रकच बदलते. आपल्याकडे गणपती आधी येतो आणि मागून ज्येष्ठा गौरी येतात. कर्नाटकात गौरीचा सण गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भाद्रपद शुद्ध तृतीयेला असतो. त्या दिवशी सुवासिनींना ‘बागिन’ देतात. दोन सुपांत तांदूळ, डाळी, गूळ, बांगड्या, हळदकुंकू, खण असे वाण घालून ते दिले जाते. श्रावणात पौर्णिमेपूर्वीच्या शुक्रवारी येणारे वरमहालक्ष्मीचे व्रत आपल्याकडे फारसे माहीत नाही. बेंगळुरूच्या घरांत मात्र तो मोठा सण असतो. संध्याकाळी शेजारणी ‘अरिशिन-कुंकुमा’ला बोलावतात. कार्यालयातून उशीर झाला म्हणून न जाणे, किंवा गेल्यावर ‘राहू दे, कशाला’ म्हणत पानसुपारी नाकारणे, हे आपल्या दृष्टीने संकोचाचे लक्षण असते. त्यांच्या दृष्टीने तो देवीच्या प्रसादाचा अव्हेर असतो. लग्नातही निघताना नारळ आणि विड्याची पाने घातलेली तांबुलाची पिशवी हाती देतात. ती न घेता जाणे योग्य दिसत नाही.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने देतो. कर्नाटकात शमीचे महत्त्व आहे आणि शमीला कन्नडमध्ये ‘बन्नि’ म्हणतात. आदराने ‘या’ म्हणण्याचा आणि शमीचा शब्द ऐकायला सारखाच असावा, हा योगायोग सुखद आहे. त्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. वाहने धुऊन, फुलांनी सजवून त्यांच्यापुढे कोहळा फोडतात. त्या दिवशी कारागिराकडून गाडी दुरुस्त करून घेण्याचा हट्ट धरणाऱ्याला कोणी वाहनचालक दाद देत नाही.

१ नोव्हेंबरचा राज्योत्सव हाही असाच एक दिवस. १९५६ साली याच दिवशी कन्नड भाषिकांचे राज्य अस्तित्वात आले आणि १९७३ साली त्याला कर्नाटक हे नाव मिळाले. नोव्हेंबरभर नाक्यानाक्यांवर लाल-पिवळे ध्वज लागतात, रिक्षाथांब्यांवर भुवनेश्वरीची पूजा होते, गाणी लागतात. आपल्या १ मे या दिवसाशी त्याचे नाते जोडले, तर त्याचा अर्थ उमगायला वेळ लागत नाही. ते आपल्यासाठी नाही असे समजून खिडकी बंद करणे ही चूक अनेक नवी बिऱ्हाडे करतात.

पंगतीत बसल्यावर घाई करू नये. केळीच्या पानावर ‘सारु’ येते, ‘हुळि’ येते, गोड पदार्थ येतात, आणि शेवटी ‘मोसरन्न’ म्हणजे दहीभात येतो. गोड वाढले म्हणजे जेवण संपले असे समजून उठू लागणारा पाहुणा वाढप्याला कोड्यात टाकतो. दहीभाताशिवाय जेवण पुरे होत नाही.

आणखी एक विषय नाजूक आहे. सख्ख्या मामाशी भाचीचे लग्न ही गोष्ट कर्नाटकातील अनेक समाजांत परंपरेने मान्य आहे. मराठी माणसाला ते ऐकून धक्का बसतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. परंतु मामाची मुलगी करण्याची प्रथा महाराष्ट्रातील कित्येक समाजांत आहे आणि उत्तर भारतातील माणसाला तिचा तितकाच धक्का बसतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचा प्रदेशवार अभ्यास मांडताना महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवरचा प्रदेश असल्याचे दाखवून दिले. सीमेवर राहणाऱ्याने दोन्ही घरांच्या रीतींना नाके मुरडू नयेत.

‘कन्नड गोत्तिल्ला’

बाहेरून आलेला माणूस सर्वांत आधी शिकतो ते कन्नड वाक्य म्हणजे ‘कन्नड गोत्तिल्ला’, मला कन्नड येत नाही. हे वाक्य पहिल्या महिन्यात म्हणणाऱ्याला सारे सांभाळून घेतात. पाचव्या वर्षीही तेच म्हणणाऱ्याबद्दल मात्र लोकांना काय वाटत असेल? आपल्या शहरात वर्षानुवर्षे राहून ‘मराठी नहीं आती’ म्हणणाऱ्याबद्दल आपल्याला जे वाटते, त्याहून निराळे वाटण्याचे कारण नाही. २०२५ च्या मे महिन्यात बेंगळुरूजवळच्या एका बँक शाखेत भाषेवरून उडालेला खटका देशभर गाजला. ग्राहकाच्या भाषेत चार शब्द बोलता येणे ही बँक कर्मचाऱ्यासाठी सौजन्याची बाब तर आहेच, पण त्याहून अधिक ती सेवेची बाब आहे. आपल्या आयुष्यभराच्या बचतीविषयी माणूस विश्वासाने बोलतो, तो आपल्या भाषेत.

मराठी माणसाला ही भाषा शिकणे इतरांपेक्षा सोपे आहे. वर्णमालेचा क्रम तोच, ‘ळ’ दोन्हीकडे आहे, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. अडखळायला होते ते शब्दाच्या अखेरीस. मराठीत आपण ‘कन्नड’ लिहितो आणि शेवटचा ‘ड’ तोडून उच्चारतो; कन्नडमध्ये शब्दाचा अखेरचा स्वर पूर्ण उच्चारला जातो. आपला तोडलेला उच्चार हा केवळ जिभेचा सराव असतो, पण ऐकणाऱ्याला तो भाषेच्या नावाबद्दलचा निष्काळजीपणा वाटतो. ‘कानडी’ हा शब्द मराठीत जुना आहे आणि संतांनी तो विठ्ठलासाठी प्रेमाने योजला; तरी त्या भाषकांच्या घरात त्यांचाच शब्द वापरावा. तसेच सरसकट ‘मद्रासी’ म्हणणे हे अज्ञान आहे. कन्नड ही स्वतंत्र परंपरा असलेली प्राचीन भाषा आहे. तिला २००८ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला २०२४ साली.

दोन भाषांच्या या सहवासाचा इतिहास मोठा आहे. मराठीतील अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे. १६३८ मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढची सुमारे अर्धशतकभर येथे भोसल्यांचा अंमल होता. १६६४ मध्ये शहाजीराजांचे निधन झाले तेही कर्नाटकातच, होदिगेरे येथे. त्यांची समाधी तेथे आहे. कन्नड कवितेला ज्यांनी नवे वैभव दिले, ते द. रा. बेंद्रे धारवाडच्या मराठी भाषिक घरातले. त्यांनी १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे अध्यापन केले आणि १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. बनशंकरीजवळच्या गविपुरम भागात लहानपणी शिकलेला, पुढे बेंगळुरूच्या बसमध्ये वाहक म्हणून काम केलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी तरुण रजनीकांत या नावाने तमिळ चित्रपटसृष्टीत अजोड ठरला. परक्या भाषेत रुजण्यासाठी आपली भाषा सोडावी लागतेच असे नाही. बेंद्रे मराठीतही लिहीत राहिले. बेंगळुरूतही गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात मराठी मंडळी एकत्र येतात आणि बाहेर पडून रिक्षाचालकाशी कन्नडमध्ये बोलतात.

सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते ती वडीलधाऱ्यांची. मुले कार्यालयात जातात, नातवंडे शाळेत जातात आणि आजी-आजोबा चौथ्या मजल्यावर बसून राहतात. भाषा येत नाही म्हणून ते खाली उतरत नाहीत, आणि खाली उतरत नाहीत म्हणून भाषा येत नाही. त्यांच्यासाठी ‘ऊट आय्ता?’, ‘साकु’, ‘बेकु’, ‘बेड’, ‘एष्टु?’ म्हणजे अनुक्रमे जेवण झाले का, पुरे, हवे, नको आणि किती, एवढे पाच शब्द पहिल्या आठवड्याला पुरेसे आहेत. भाजीवाली, फुलवाली आणि मंदिरातील पुजारी हे त्यांचे शिक्षक. ते शुल्क घेत नाहीत आणि परीक्षाही घेत नाहीत.

चुका होतील. ‘बन्नि’च्या ठिकाणी ‘बा’ तोंडून जाईल, बागिन घ्यायला उशीर होईल, दहीभात येण्याआधी कोणी उठेल. अशा वेळी समोरचा माणूस हसून म्हणेल, ‘परवागिल्ला.’ मराठी कानाला त्यात ‘पर्वा नाही’ असे ऐकू येईल आणि आपली कोणाला पर्वाच नाही, असेही क्षणभर वाटेल. कन्नडमध्ये त्याचा अर्थ आहे, ‘असू द्या, काही बिघडले नाही.’